डबाभर काड्या, चकत्या आणि जॉन व्हॉन न्यूमन

१९५० च्या आगेमागेची गोष्ट. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये राहणाऱ्या एका जगप्रसिद्ध गणितज्ञाने ‘टिंकरटॉय’चा बाजारात मिळेल तो सगळ्यात मोठा डबा विकत आणला. टिंकरटॉय म्हणजे काय, तर भोकं पाडलेल्या लाकडी चकत्या आणि त्यात खुपसायच्या काड्या. चार-पाच वर्षांच्या पोरांचं खेळणं. आणि आणणारा माणूस पन्नाशीकडे झुकलेला, रोज कडक सूट घालून फिरणारा, सरकारचा बडा सल्लागार.

त्याला त्या काड्यांमधून एक जग उभं करायचं होतं. लांबी, रुंदी आणि उंची असलेलं, छोट्या छोट्या कप्प्यांचं जग. त्या जगात एक यंत्र असेल आणि ते यंत्र स्वतःसारखंच दुसरं यंत्र तयार करेल, अशी त्याची कल्पना. पुढे सहकाऱ्यांशी बोलताना निघालं की यासाठी उंचीची गरजच नाही, सपाट चौकटीच्या कागदावरही हे दाखवता येईल. मग डबा गेला मित्राच्या, म्हणजे अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्नच्या छोट्या मुलाकडे. पोरगं खूश झालं असणार. हा किस्सा हर्मन गोल्डस्टाइन या सहकाऱ्याने आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवलाय.

तो माणूस म्हणजे जॉन व्हॉन न्यूमन. तुमच्यापैकी जे बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनी हे नाव पेपरात लिहिलंच असेल. व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर, आकृतीसह स्पष्ट करा. सीपीयूचा चौकोन, मेमरीचा चौकोन, मध्ये चार बाण, झाले मार्क. माणूस मात्र त्या चौकोनाबाहेर राहून जातो.

जन्म २८ डिसेंबर १९०३, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. घरचं नाव यानोश. वडील बँकेतले बडे अधिकारी, घर ज्यू, पैशाला कमी नाही. पोराचं डोकं लहानपणापासूनच असं की शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं, याला वर्गातलं गणित पुरणार नाही, वेगळी शिकवणी लावा. मग विद्यापीठातले लोक त्याला शिकवायला येऊ लागले. शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे युजीन विग्नर होता, ज्याला पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं.

आता पुढचं लातूरच्या वाचकांना फार ओळखीचं वाटेल. पोराला गणित करायचं होतं आणि वडिलांना काळजी होती पोटापाण्याची. गणितात पैसा कुठाय? नोकरी लागेल असं काहीतरी शिक. वाद झाला आणि तोडगा निघाला केमिकल इंजिनिअरिंगचा! यानोशने बापाचं ऐकलं आणि स्वतःचंही ऐकलं. आधी बर्लिन आणि मग झुरिकमध्ये केमिस्ट्री शिकायची, आणि त्याच वेळी बुडापेस्टच्या विद्यापीठात गणिताच्या पीएचडीला नाव घालून ठेवायचं. तिथे फक्त परीक्षेपुरतं जायचं. १९२६ मध्ये झुरिकची इंजिनिअरिंगची पदवीही हातात आली आणि बुडापेस्टची डॉक्टरेटही. वय बावीस. नीटच्या क्लासला बसून गुपचूप दुसरंच काही वाचणारे जे कोणी तुमच्यात असतील, त्यांनी एवढं मात्र ध्यानात घ्या की या पठ्ठ्याने दोन्हीकडचे पेपर पास केले होते.

पुढची काही वर्षं तो कामाच्या तडाख्यात होता. १९२८ मध्ये गेम थिअरीचा पाया असलेला सिद्धांत, १९३२ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सला गणिताच्या चौकटीत बसवणारा ग्रंथ. मध्येच, १९३० मध्ये, अमेरिकेचं बोलावणं. तीन वर्षांनी प्रिन्स्टनला नव्याने सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये तो प्राध्यापक झाला. आइन्स्टाइन तिथेच होते. न्यूमनला गोंगाट आवडायचा, पार्ट्या आवडायच्या, ऑफिसात मोठ्या आवाजात लष्करी बँडच्या रेकॉर्डी लावायचा, आणि शेजारच्या लोकांना त्याचा ताप व्हायचा असं सांगतात. गाडी चालवणं तर भयंकर. जर्मनीत हिटलर आल्यावर युरोपात परतायचा प्रश्नच उरला नाही.

मग युद्ध. इथे त्याचं चरित्र सरळ कौतुकाचं राहत नाही, आणि राहूही नये. १९४३ पासून तो लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात होता. प्लुटोनियमचा गोळा चारही बाजूंनी एकाच क्षणी आत दाबायचा कसा, या गणितात त्याचा मोठा वाटा होता. नागासाकीवर पडला तो बॉम्ब याच पद्धतीचा. जपानमधली कोणती शहरं निवडायची हे ठरवणाऱ्या समितीतही तो बसला होता. युद्धानंतर रशियावर आधीच हल्ला करावा, अशा मताचा तो होता. एवढ्या कुशाग्र माणसाला त्या शहरांतली माणसं दिसली नाहीत का? दिसली असतील, पण त्याच्या हिशेबात ती आली नाहीत. मला हे त्याचं सगळ्यात अवघड पान वाटतं.

पण कॉम्प्युटर आला तो याच हिशेबांमुळे. बॉम्बची गणितं हाताने उरकत नव्हती. १९४४ मध्ये एका रेल्वे स्टेशनवर गोल्डस्टाइनची गाठ पडली आणि कळलं की फिलाडेल्फियात ‘एनियाक’ नावाचं इलेक्ट्रॉनिक गणितयंत्र बनतंय. न्यूमन तिथे घुसला. पुढच्या यंत्राचा आराखडा त्याने १९४५ मध्ये लिहून काढला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की प्रोग्राम आणि डेटा दोन्ही एकाच मेमरीत ठेवायचे. तुमच्या पेपरातली आकृती ती हीच. मात्र त्या मसुद्यावर नाव एकट्या न्यूमनचं होतं. एनियाक प्रत्यक्ष उभारणारे एकर्ट आणि मॉचली यांची नावं त्यात नव्हती, आणि ती कडवट भावना त्यांच्या मनातून कधी गेली नाही. ‘व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर’ लिहिताना ही दोन नावंही समासात लिहिलीत तर बिघडणार नाही. तिसरं नाव त्याच्या बायकोचं. क्लारा व्हॉन न्यूमनने प्रोग्रामिंग स्वतः शिकून घेतलं आणि १९४८ मध्ये एनियाकवर चाललेले मोठे प्रोग्राम लिहिले. प्रोग्रामर हा शब्द नीट रुळायच्या आधीची प्रोग्रामर.

आता त्या डब्याकडे येऊ. न्यूमनला पडलेला प्रश्न असा होता: यंत्र स्वतःसारखं यंत्र बनवू शकतं का? कारखान्यातली यंत्रं आपल्याहून साध्या वस्तू बनवतात. सजीव मात्र आपल्याइतकेच गुंतागुंतीचे सजीव जन्माला घालतात. मग हे यंत्राला जमेल, की त्यासाठी ‘जीव’ नावाचं काही वेगळं लागतं? पहिल्यांदा त्याने कल्पना केली ती एका मोठ्या तलावाची. त्यात सुटे भाग तरंगतायत, आणि एक रोबो ते उचलून जोडतोय. पण त्यात भाग पकडायचे कसे, जोडायचे कसे, या यांत्रिक कटकटीच जास्त झाल्या. तेव्हा त्याचा मित्र स्टॅनिस्लाव उलाम याने सुचवलं की स्फटिकासारखी जाळी घे. सगळे कप्पे सारखे, आणि प्रत्येक कप्पा फक्त शेजाऱ्यांकडे बघून बदलेल.

हीच सेल्युलर ऑटोमॅटाची कल्पना. समजा, तुमचं हॉस्टेल आहे. प्रत्येक खोलीत एक दिवा आहे, चालू किंवा बंद. तुम्हाला वॉर्डनचा हुकूम असा की मिनिटाच्या ठोक्याला शेजारच्या खोल्यांत किती दिवे लागलेत ते बघायचं आणि ठरलेल्या नियमाने आपला दिवा लावायचा किंवा मालवायचा. अख्ख्या बिल्डिंगचं चित्र कुणालाच माहीत नाही, कुणी सूत्रधार नाही. तरी बाहेरून बघणाऱ्याला दिव्यांच्या लाटा सरकताना दिसतात, आकृत्या चालताना दिसतात. एकमजली हॉस्टेलात डावी, उजवी, पुढची, मागची अशा चार खोल्या शेजारी. मजले असले की वरची आणि खालची मिळून सहा. या शेजाराला आजही व्हॉन न्यूमन नेबरहूड म्हणतात. कोपऱ्याला कोपरा लागलेल्या खोल्याही धरल्या तर सपाट जाळीत आठ शेजारी, आणि घनात २६.

न्यूमनच्या सपाट जाळीतला कप्पा नुसता चालू-बंद नव्हता. त्याला २९ अवस्था होत्या. स्वतःची आणि चार शेजाऱ्यांची अवस्था धरली तर २९ चा पाचवा घात, म्हणजे दोन कोटींवर शक्यता, आणि प्रत्येकीत पुढे काय होणार ते नियमाने ठरलेलं. दोन लाखांच्या घरात कप्पे लागतील असं त्याचं यंत्र होतं, आणि ते त्याने कागदावर रचायला घेतलं. उंची सोडून दिल्याची किंमतही त्याला मोजावी लागली. सपाट जाळीत एक सिग्नल दुसऱ्याला ओलांडून जाणार कसा? घनात असता तर उड्डाणपूल टाकून वरून गेला असता. इथे रेल्वे फाटकावर थांबल्यासारखी अडचण, आणि ती सोडवायला बरीच जुळवाजुळव.

पण खरी गोम वेगळीच होती. यंत्राला स्वतःची प्रत काढायची तर आपला नकाशा पोटात ठेवावा लागेल. मग त्या नकाशात नकाशाचाही नकाशा हवा, आणि त्यात पुन्हा... संपणारच नाही. न्यूमनने हे कोडं असं सोडवलं की नकाशाची पट्टी एकच ठेवायची, पण ती दोनदा वापरायची. एकदा हुकूम म्हणून वाचायची आणि त्याप्रमाणे नवं यंत्र बांधायचं. दुसऱ्यांदा अर्थ न लावता, डोळे मिटून तिची झेरॉक्स काढायची आणि नव्या यंत्राला चिकटवून द्यायची. हा विचार त्याने १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत मांडला. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना वॉटसन आणि क्रिक यांनी दाखवली ती १९५३ मध्ये. पेशीतही तेच चालतं: डीएनए वाचून प्रथिनं बनतात, आणि पेशी विभागताना तोच डीएनए जसाच्या तसा उतरवला जातो. एकही पेशी न तपासता, नुसत्या तर्काने त्याने हे पाच वर्षं आधी गाठलं होतं. बायोलॉजीवाल्यांनो, हे तुमच्या मॅथ्सवाल्या मित्रांना जरूर सांगा, आणि उलटही.

मधल्या काळात प्रिन्स्टनचं स्वतःचं यंत्र उभं राहिलं. १९५१ मध्ये त्यावर झालेलं पहिलं मोठं काम हायड्रोजन बॉम्बच्या गणिताचं. मात्र त्याच्याच गटाने १९५० मध्ये एनियाकवर जगातला पहिला कॉम्प्युटरी हवामान अंदाज काढला होता. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीसच तास लागले! पद्धत मात्र बघा: नकाशावर जाळी टाकायची आणि प्रत्येक बिंदूचं पुढचं मूल्य शेजारच्या बिंदूंवरून काढायचं. त्या जाळीतलं अंतर सातशे किलोमीटरच्या वर होतं, म्हणजे नांदेड आणि मुंबई मिळून जेमतेम एक घर. मूल्यं सलग बदलतात म्हणून याला काटेकोर अर्थाने सेल्युलर ऑटोमॅटा म्हणत नाहीत, पण सख्खं नाही तरी चुलत नातं आहेच. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ महासंगणक बसला तेव्हा जाळी १२ किलोमीटरवर आली होती, आणि ती वातावरणात थरावर थर चढवलेली, म्हणजे घनच. सोयाबीनची पेरणी कधी करायची हे ज्या अंदाजावर तुमच्या घरी ठरतं, त्याचा धागा इथवर जातो.

प्रिन्स्टनच्या यंत्राचे आराखडे न्यूमनच्या गटाने लपवून ठेवले नाहीत, वाटून टाकले. ठिकठिकाणी त्या घराण्याची यंत्रं उभी राहिली. मुंबईत होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आपल्या लोकांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ याच वळणाचा. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला.

न्यूमनने तो पाहिला नाही. १९५५ मध्ये त्याला कॅन्सर निघाला आणि तो हाडांत पसरला. अणुऊर्जा आयोगाचा सदस्य म्हणून तो व्हीलचेअरवरून बैठकांना जात राहिला. पुढे लष्करी इस्पितळात. तापाच्या भरात गुपितं फुटू नयेत म्हणून खोलीवर पहारा. शरीराच्या दुखण्यापेक्षा बुद्धी निसटतेय याची भीती त्याला जास्त होती. मुलगी मरीना भेटायला आली की तो तिला सोप्या बेरजा घालायला सांगायचा, सात अधिक चार यासारख्या. चालता-बोलता कॉम्प्युटर म्हणून ज्याची ख्याती होती, तो बाप अशा बेरजांपाशी चाचपडतोय हे तिला बघवेना. ती खोलीबाहेर निघून गेली. ८ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. वय ५३.

स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचं हस्तलिखित अर्धवट राहिलं होतं. आर्थर बर्क्स या सहकाऱ्याने ते निस्तरलं, मोकळ्या जागा भरल्या आणि १९६६ मध्ये पुस्तक काढलं. यंत्र मात्र कागदावरच होतं. ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्यक्ष प्रत काढताना दिसलं १९९५ मध्ये, इटलीच्या नोबिली आणि पेसावेंतो यांच्या प्रोग्राममुळे. त्यांनी २९ ला तीन अवस्था जोडल्या. कशासाठी? सिग्नल एकमेकांना ओलांडून जावेत म्हणून!

मधल्या काळात १९७० मध्ये जॉन कॉन्वेचा ‘गेम ऑफ लाइफ’ आला, दोनच अवस्थांचा आणि आठ शेजाऱ्यांचा, आणि जगभरच्या पोरांनी त्यावर रात्री घालवल्या. उंची परत आणली ती कार्टर बेज याने, १९८७ मध्ये. २६ शेजाऱ्यांच्या घनात कोणते नियम ‘जिवंत’ वाटतात हे त्याने शोधलं. त्यातला एक ४५५५ या नावाने ओळखला जातो: जिवंत कप्प्याला चार किंवा पाच जिवंत शेजारी असतील तर तो टिकतो, मेलेल्याला बरोबर पाच असतील तर तो जिवंत होतो, बाकी सगळं मरतं. नियम एवढाच, आणि त्यात हवेत सरकत जाणाऱ्या आकृत्या सापडतात.

त्याच वर्षी वाळूच्या ढिगाचं मॉडेल आलं. प्रत्येक कप्प्यात वाळूचे कण. सपाट जाळीत चार कण झाले की कप्पा ओसंडतो आणि चार शेजाऱ्यांना एकेक देतो. घनात सहा झाले की सहा जणांना. एकेक कण टाकत राहा. बहुतेक वेळा काहीच होत नाही, कधी थोडी घसरण, आणि क्वचित त्याच एका कणाने अख्खा ढीग हलतो. आपल्या टीआयएफआरच्या दीपक धर यांनी १९९० मध्ये दाखवलं की कप्पे कोणत्याही क्रमाने ओसंडू द्या, शेवटी उरणारं चित्र तेच असतं. भूकंपाचे अभ्यासकही अशा मॉडेलांकडे वळले, कारण जमिनीतही छोटे धक्के असंख्य आणि मोठे थोडे. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत काय झालं ते तुमच्या आई-वडिलांना विचारा. हा दख्खनचा खडक स्थिर समजला जायचा. पुढचा धक्का कधी बसेल हे वाळूचं मॉडेल सांगत नाही. मोठ्या घटनेला प्रत्येक वेळी मोठं कारण लागतंच असं नाही, एवढं ते दाखवतं.

हे सगळं तुम्ही करून बघू शकता. पायथन किंवा सी, काहीही चालेल. तीन मितींचा अॅरे घ्या, किंवा साधाच लांब अॅरे घेऊन कप्प्याचा नंबर x + n·y + n·n·z असा काढा. कडेच्या कप्प्यांना शेजारी कमी पडतात, तर ४५५५ साठी उजवी कड डावीला आणि छत तळाला जोडून टाका. ते काम भागाकाराची बाकी काढून होतं. ४५५५ साठी अॅरे दोन हवेत. जुन्यात बघायचं, नव्यात लिहायचं, आणि पायरी संपली की अदलाबदल. एकाच अॅरेत लिहीत गेलात तर अर्धे शेजारी आजचे आणि अर्धे उद्याचे मोजले जातात, आणि चित्र दिसायला छान पण साफ चुकीचं येतं. ही चूक सहजी सापडतही नाही. वाळूच्या ढिगाला मात्र एकच अॅरे पुरतो. कारण वर आलंय: क्रमाने फरक पडत नाही.

घन केवढा घ्यायचा? १०० बाजूचा घेतला तर दहा लाख कप्पे आणि दर पायरीला २ कोटी ६० लाख वेळा शेजारी बघायचे. सी मध्ये हे आरामात पळेल, साध्या पायथनच्या लूपमध्ये लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागेल. पहिल्यांदा ३४ चाच घ्या. प्रिन्स्टनच्या यंत्राची मेमरी ४० बिटांचे १,०२४ शब्द, म्हणजे ४०,९६० बिट होती. कप्प्याला एक बिट धरला तर त्यात ३४ बाजूचा घन मावतो, आणि मग प्रोग्राम ठेवायलाही धड जागा उरत नाही.